हवेची भांडी

परदेशातल्या प्रयोगशाळेतून आलेल्या खोक्यात स्टीलची दोन भांडी निघाली, तेव्हा बायको म्हणाली, "एवढ्यासाठी कस्टमवाल्यांनी महिनाभर अडवून धरलं?" तिचं काही चुकलं नव्हतं. एक लहान, एक मोठं, तोंडाला तोंड लावून टांगायचं आणि मधे स्पंजाची चकती ठेवायची. फटीतून हवा आत-बाहेर होत राहते आणि हवेतलं विष चकतीत साठतं. जुनी, बंदी आलेली कीटकनाशकं, कधीकाळी घराघरांच्या भिंतींवर मारलेली डीडीटी. ही विषं लवकर संपत नाहीत. मातीतून हवेत जातात, हवेतून पार बर्फाच्या मुलखात पोचतात, म्हणून कितीतरी देशांतल्या लोकांनी मिळून अशी भांडी टांगायचं ठरवलं होतं. वर्धा जिल्ह्याचं भांडं माझ्या गळ्यात पडलं, कारण आमच्या कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात नाही म्हणता न येणारा मी एकटाच होतो.

सिंदी रेल्वे गावाजवळ वांगी-मिरच्या पिकवणाऱ्या एका मावशींनी आपल्या घरालगतच्या वावरात खांब रोवू दिला. हे काय करतं, असं त्यांनी विचारलं आणि मी सवयीप्रमाणे वर्ग घेतला. हे विष पाण्यात विरत नाही, धुतलं तरी जात नाही, अंगातल्या चरबीत बसतं, आईच्या दुधातूनही बाळाकडे जातं. मास्तरकीची खोड, दुसरं काय! मावशींचा मिरच्या तोडणारा हात थांबला.

"सर, माह्यी पोरगी पयल्या बाळंतपणाले येऊन राह्यली दिवाळीनंतर. इथली हवा तिले चालन ना? नाई तं राहू देतो तिले तिकडंच, सासरी."

"दूध पाजायचंच, मावशी. त्यात काडीची शंका नको. हवेचं मात्र आकडा आल्याशिवाय सांगता येणार नाही."

"मंग पयले मलेच सांगजा."

हो म्हणालो.

मग बैठका सुरू झाल्या. सगळ्या कॉम्प्युटरवर. तिकडचे लोक सज्जन, चौकशी करणारे, बोलण्यात अतिशय गोड. आमच्याकडची वीज गेली तर तेच माफी मागायचे. पडद्यावर जगाचा नकाशा यायचा, त्यावर रंगीत ठिपके, आणि आमचा ठिपका राखाडी, म्हणजे आकडा बाकी. एकदा मी विचारलं, ज्यांच्या वावरात भांडं आहे त्यांना उत्तर कधी द्यायचं? चांगला प्रश्न आहे, असं म्हणाले. उत्तर येत नसलं की वर्गात मीही हेच म्हणतो, त्यामुळे मला पुढचं कळलं. त्या संध्याकाळी फार थकवा आला. काम काहीच केलं नव्हतं, नुसता खुर्चीत बसलो होतो.

दिवाळी झाल्यावर चकती काढायला सिंदीला गेलो. वावरात शिरताना लांबूनच काहीतरी चमकलं. खांबावरची भांडी आरशासारखी लखलखत होती. आत चकती पांढरीशुभ्र.

"पोरगी सोमवारी येऊन राह्यली ना," मावशी कौतुकाने म्हणाल्या. "घरातलं एकूण एक भांडं राखेनं घासलं. म्हटलं, हेच काऊन राहू द्याव? थो स्पंज तं काळाकुट्ट झालता. साबणाच्या पाण्यात भिजवला, दोन दिवस उन्हात वाळवला."

मी बाजेवर बसलो. रागवायचं त्राण नव्हतं, आणि रागवायचं तरी कुणावर? लेकीसाठी त्यांनी उत्तर मागितलं होतं आणि लेकीसाठीच ते घासून टाकलं होतं. चकती आता कामाची नाही, एवढं मी कसंबसं सांगितलं.

"काऊन? तुमीच तं सांगलतं, हे विष धुतलं तरी जात नाई."

"गेलं नसेलही, मावशी. पण आता हवेतलं किती आणि तुमच्या राखेतलं, पाण्यातलं किती, ते कळायचं नाही."

"म्हंजे हाये, पण किती हाये थे मालूम नाई."

"हो."

"इतलं तं मले पयलेच मालूम होतं, सर."

तिकडे कळवलं. फार हळहळले. पुढच्या पत्रातल्या नकाशावर मात्र आमचा ठिपका नव्हता. पैसे आता दुसऱ्या टप्प्याकडे वळवले आहेत, भांडी उतरवून घ्यावीत, आपल्या सहकार्याबद्दल मनःपूर्वक आभार. मावशींनाही आभार कळवावेत, असं खाली लिहिलं होतं.

थंडीत शेवटचा गेलो. अंगणात कोवळ्या उन्हात लेक बसली होती, मांडीवर तेल लावलेलं बाळ. आभार काही माझ्या तोंडातून निघाले नाहीत. मी खांबावरची भांडी उतरवली. मावशींनी ती माझ्या हातातून घेतली, आत नेली आणि काठोकाठ वांगी भरून आणली.

"रिकामं भांडं वापस देऊ नाई," त्या म्हणाल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्या देशांनी मिळून या घरी काय आणलं होतं?

लेकीने बाळाचं टोपरं सारखं केलं आणि माझ्याकडे पाहिलं. "सर, आई म्हणे तुमी हवेचं सांगणार होते. राहू ना मी इथं?"

मी तोंड उघडलं, पण मावशीच मधे बोलल्या. आवाजात राग नव्हता.

"त्यायले नको विचारू, बाई. थे बी वाटच पाहून राह्यले."

वांगी दोन्ही हातांत धरून मी गाडीकडे निघालो.