धुराचा हाडवैरी

आमच्या मामेसासऱ्यांइतका धुराचा हाडवैरी अख्ख्या मुंबईत दुसरा कोणी सापडला, तर मी सगळ्या सासुरवाडीसमोर नाक घासायला तयार आहे. कोणाला शेजारी छळतात, कोणाला साहेब छळतो. यांना धूर छळतो. घोडपदेवच्या रस्त्याने हा माणूस कधी सरळ समोर बघून चालला नाही. मान कायम वर. कुठल्या खानावळीच्या नळकांड्यातून काय बाहेर पडतंय ते बघत चालायचं, आणि काळं काही दिसलं की तडक आत शिरून आचाऱ्याची खरडपट्टी काढायची. ना ओळख, ना बोलावणं! वडे तळणाऱ्याला स्टोव्ह कसा पेटवायचा हे शिकवताना त्याने यांना हाताला धरून बाहेर काढलेलं मी पाहिलं आहे, आणि दुसऱ्या दिवशी हे पुन्हा तिथेच उभे असलेलेही पाहिले आहेत.

आमची पहिली गाठ पडली ती मी मुलगी बघायला गेलो तेव्हा. बाकीच्यांनी नोकरी विचारली, गाव विचारलं. मुलीच्या या मामांनी विचारलं, "घरात स्टव खयचो? वाती येळेर कापतास?" मी हसलो. ते हसले नाहीत. "हसतास काय? धूर म्हणजे काय ता म्हायत आसा? पोटात जावचो घास तोंडातसून भायर पडलो, तो धूर." तेव्हा ते गिरणीच्या बॉयलरवर कोळसा मारायचे, आणि कोळसा असा मारायचा की चिमणीवर धुराची रेघसुद्धा दिसता कामा नये, एवढा एकच धर्म ते पाळायचे. पाळी संपली की इतर कामगार घरी पळायचे. हे रस्त्यात उभे राहून आपल्या चिमणीकडे बघत राहायचे. आमच्या लग्नात तर कहर केला. वधूचा मामा म्हणून मंगलाष्टकं संपेपर्यंत गप्प उभे होते, पण होम पेटायला लागला मात्र, "सरा भटजीनु" म्हणत पुढे झाले आणि समिधा स्वतःच्या हातांनी रचल्या. होम असा लख्ख पेटला की मांडवात एकाच्याही डोळ्याला पाणी नाही. सासूबाईंची तर फार पंचाईत झाली, रडायला धुराचं निमित्तच उरलं नाही. भटजी जेवायलाही थांबले नाहीत.

एका शिमग्याला चाळीच्या पोरांना दुर्बुद्धी सुचली आणि त्यांनी होळी रचायचं काम मामांना दिलं. यांनी बॉयलरची सगळी विद्या पणाला लावली. खाली हवेला वाट, तिच्यावर बारीक काटक्या, मग जाड ओंडके. काडी लावली आणि होळी धडाडून पेटली, धूर औषधालाही नाही. बायका पुरणपोळीचा नैवेद्य घेऊन खाली उतरेपर्यंत खेळ खलास, चौकात नुसती राख! पोरं त्या वर्षी बोंबलली ती मामांच्याच नावाने. आणि हे कमरेवर हात ठेवून म्हणतात, "बघा, एक कोळसो शिल्लक रवाक नाय." माणसाला काही लाज?

मग संप झाला आणि गिरणगावातल्या चिमण्या एकजात थंड पडल्या. "मामा, झालं ना तुमच्या मनासारखं?" असं नाक्यावर कोणीतरी गमतीत म्हणालं, आणि उभ्या जन्मात कोणावर हात न उगारलेल्या या माणसाने त्याची कॉलर धरली. "आग व्हयी, नी धूर नको. थंड चुलीक धूर नसताच, तेचा कौतुक कित्याक?" त्यांची गिरणी पुन्हा काही उघडली नाही. दोन वर्षं गॅलरीत बसून मामींचं डोकं खाल्ल्यावर ते गल्लीतल्या पावाच्या बेकरीत भट्टीवर लागले. लाकडं माळ्यावर महिनोन्‌महिने वाळवायची, वापरण्याआधी एकावर एक आपटून आवाज ऐकायचा, धुराड्याची झडप केसभर इकडे, केसभर तिकडे. बेकरीत सात कारागीर होते, आणि मामांच्या हाताखाली त्या सातांनाही धूर कसा असतो याचा विसर पडला. वीसेक वर्षं हे असंच चाललं.

आणि मग पर्यावरणवाले आले. आपल्यासारख्या वर येऊ घातलेल्या देशांची भरभराटसुद्धा हल्ली म्हणे हिरवी व्हावी लागते, आणि ती कशी करायची हे ठरवायला गारेगार हॉटेलांत परिषदा भरतात. तसल्याच कुठल्याशा परिषदेतून एक योजना निघाली. लाकडाच्या भट्ट्या बंद. ज्या बेकऱ्या यादीत येतील त्यांना विजेची भट्टी फुकट, बाकीच्यांना टाळं. यादी करायला तिघे जण आले. गल्लीत गाडी शिरेना, आणि खाली उतरणं कमीपणाचं. तेव्हा कोपऱ्यावर इंजिन चालू ठेवून, काचेतूनच त्यांनी चिमणीकडे पाहिलं, धूर दिसला नाही, आणि लिहून टाकलं, भट्टी बंद आहे. आत सात माणसं घामाघूम होऊन पाव भाजत होती!

बेकरीचा मालक आणि मामा कचेरीत गेले, अर्जबिर्ज लिहायला मला बरोबर घेतलं. मामांनी साहेबाच्या टेबलावरची पेनं उचलून लाकूड कसं रचायचं ते मांडून दाखवलं. "साहेब, सगळ्या बेकऱ्यांक मी शिकवतंय. फुकट शिकवतंय," असंही म्हणाले. साहेबाने एकेक पेन उचलून जागेवर ठेवलं. "काका, आमची योजना धूर कमी करायची आहे. तुमच्याकडे धूरच नाही, तर आम्ही कमी काय करणार?" इतका हुशार माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, देवाच्या दयेने नंतरही नाही. पुन्हा एकदा तपासणी करू, एवढं मात्र त्याने कबूल केलं.

जिन्यात मालकाने मामांचा हात धरला. "मामा, सिर्फ आधा दिन. थोडा धुआं निकालो ना." धूर निघाला नाही तर बेकरीला टाळं लागणार, सात माणसं रस्त्यावर. निघाला तर विजेची भट्टी येणार, आणि तिला लाकूड मारणारा लागत नाही, म्हणजे मामाच घरी. हे त्यांना आमच्याआधी कळलं होतं. मी म्हटलं, "मामा, नका करू." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नी ती सात माणसा खय जातली?"

तपासणीच्या सकाळी त्यांनी वखारीतून ओली लाकडं मागवली आणि झडप लोटून घेतली. चिमणीतून असा काळाकुट्ट धूर निघाला की भायखळ्यापर्यंत लोक आग लागली म्हणून गच्च्यांवर चढले. बायकांनी वाळत घातलेले कपडे ओढून घेतले आणि मामांचा उद्धार केला. या खेपेला तिघेही गाडीतून उतरले, चालत आले, फोटो काढले. "आता कसं स्पष्ट दिसतंय," असं म्हणून एकाने मालकाशी हातही मिळवला. सगळी गल्ली माना वर करून बघत होती. मामा तेवढे आत भट्टीसमोर बसून होते.

बेकरी यादीत आली, महिन्याभरात विजेची भट्टीही आली. साती जण आजही तिथे पाव भाजतात, आणि रोज संध्याकाळी त्यातला कोणीतरी मामांकडे गरम पावांची लादी पोचवतो. मामा खातात. नावं ठेवत नाहीत.

धुराच्या त्या दिवशी दुपारी मी त्यांना घरी न्यायला गेलो होतो. तोंडावर काजळी, डोळे लालबुंद. रस्ताभर खाली मान घालून चालले. चाळीच्या पायरीशी थांबून हळूच विचारलं, "धूर बरो इलो मां, जावयबापू? माका बघूक जमाक नाय."

इतकी वर्षं मी या माणसाची टिंगलच केली. त्यांच्या हातच्या त्या लख्ख आगीला एकदासुद्धा चांगलं म्हटलं नव्हतं.

"एक नंबर, मामा," मी म्हणालो.

त्यांच्या कामाला मी पहिल्यांदा शाबासकी दिली, ती या कामाला. मला अजून लाज वाटते.