म्हशीच्या जागी आणलेलं कार्ड

कार्ड माझं आहे. कॉम्प्युटरच्या डब्यात बसवतात आणि गेमचं चित्र पडद्यावर काढतं, ते ग्राफिक्स कार्ड. माझी म्हैस विकून मी ते घेतलं, दुकानात होतं त्यातलं सगळ्यात वरचं घेतलं, आणि त्याच्यावर गेम मीच खेळते. गावात ज्यांना हसायचं होतं ते हसून झाले. किंमत विचारायला येतात त्यांना मी चहा देते. किंमत सांगत नाही.

गुडघे गेले तेव्हापासून हे सुरू झालं. आधी शेतात जाणं सुटलं, मग धार काढायला म्हशीखाली बसणं सुटलं. तेव्हा माझा नातू घरूनच नोकरी करायचा, पुण्याच्या कंपनीने सगळ्यांना घरी पाठवलं होतं. त्याने समोरच्या खोलीत कॉम्प्युटर मांडला. काम संपलं की तो गेम खेळायचा आणि मी मागे बाजेवर बसून बघायचे. एकदा तो जेवायला उठला, तर हातात धरायचं त्याचं कंट्रोलर मी उचललं आणि घोडा नदीत घातला. घोडा मेला.

नातू ओरडला, "आजी, काय केलं वं हे!"

मी म्हणाले, "दुसरा दे."

तिथून नाद लागला. तो पुण्याला परत गेला तेव्हा कॉम्प्युटर इथेच राहिला. गेममध्ये डोंगर आहेत, जंगल आहे, घोडा आहे आणि दरोडेखोर आहेत. लोकांना वाटतं बुढी काही देवाधर्माचं बघत असेल. मी दरोडेखोर मारते. पण जास्त वेळ नुसती फिरते. मला अंगण ओलांडून रस्त्यापर्यंत जायला काठी लागते, तिथे मी डोंगर उतरून पलीकडच्या गावात जाते.

जुन्या कार्डावर झाडं म्हणजे हिरवा लगदा दिसायचा. मला वाटायचं माझेच डोळे गेले. मग मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि अंगणातल्या कडुनिंबाचं पान न् पान दिसायला लागलं. गेममधली झाडं मात्र लगदाच राहिली. तेव्हा कळलं की माझे डोळे दुरुस्त झाले, आता मशीनची पाळी.

म्हैस माझी होती, माझ्या माहेराहून आलेल्या म्हशीच्या पोटची. ती विकली तेव्हा मुलगा म्हणाला बँकेत ठेव, सून म्हणाली सोनं घ्या. मी मुलाला घेऊन अकोल्याला गेले.

दुकानदार माझ्याकडे बघतच नव्हता. मुलाला म्हणाला, "साहेब, गेम कोण खेळते? मुलगा काय?"

"मी," मी म्हणाले.

त्याने मुलाकडे पाहिलं. मुलगा छताकडे बघत होता.

"मावशी, तुमच्यासाठी हे मधलं बस झालं. वरचं लय भारी राह्यते, कामधंदेवाले लोक नेतात."

"म्हैस मी मधली नव्हती विकली. वरचं काढ."

मोटरसायकलच्या बॅटरीएवढं जड निघालं ते. इतकं लांब की आमच्या डब्यात मावेना. जवळच्या रिसोडहून दुरुस्तीवाल्याला बोलावून आतला एक पत्रा काढावा लागला आणि वीज पुरवणारा भागही जास्त ताकदीचा घालावा लागला. बसवल्यावर ते आपल्याच वजनाने एका बाजूला झुकायला लागलं. मी तुराटीचा तुकडा कापला, तुरीचं वाळलेलं खोड, आम्ही चुलीत घालतो ते, आणि खाली टेकू दिला.

दसऱ्याला घरात विळा, कुऱ्हाड, ट्रॅक्टर, मोटर सगळ्यांची पूजा होते. मी डब्याची बाजू उघडून कार्डाच्या पाठीवर कोरड्या बोटाने कुंकू लावलं. शेजारीण बघत होती. म्हणाली, "तू कायले लावतं? सुनेले लावू दे नं." म्हणजे विधवेने हात लावू नये. मी म्हणाले, "माझी वस्तू हाय, माझंच बोट लागीन."

तीच शेजारीण मागे म्हणाली होती, "म्हशीनं दूध तरी देलं असतं, बाई. हे काय देते?"

"म्हैस होती तवा साय कोन खाल्ली, ते तुले माहीत हाय," मी म्हणाले. साय घरातल्या पुरुषांच्या ताटात जायची. तिच्या घरीही म्हैस होती.

आता कार्ड कसं आहे ते सांगते, विकणारा सांगणार नाही. पाणी चांगलं काढतं. घोडा प्यायला वाकला की पाण्यातून त्याचंच तोंड वर येतं. ऊन चांगलं काढतं, झाडाखालून जाताना घोड्याच्या मानेवर उन्हाचे ठिपके सरकतात. रात्री कंदील घेऊन कोणी चालला तर त्याची सावली भिंतीवर बरोबर वाकते. वाईट म्हणाल तर ते तापतं. उन्हाळ्यात आमच्या खोलीला आणखी उष्णतेची गरज नसते, तरी ते ओकतंच. जोर पडला की पंखे गिरणीसारखे वाजतात. इन्व्हर्टरवर ते चालत नाही. शेतीपंपांची लाइन आली आणि सगळ्यांच्या विहिरीवरच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं आणि ऐन गोळीबारात पडदा काळा होतो. तो दोष कार्डाचा नाही, पण शिव्या मी दोघांनाही देते. गेममधल्या गायी चुकीच्या बसतात. गाय आधी पुढचे गुडघे टेकते, ह्या नुसत्याच खाली जातात. ते कार्डाचं काम नाही, असं नातू म्हणतो.

नातू दिवाळीला आला तेव्हा भांडण झालं. न बांधलेल्या घरांची चित्रं कॉम्प्युटरवर काढायचं त्याचं काम आहे, बिल्डर ती गिऱ्हाइकाला दाखवतात. कंपनीबाहेर स्वतःची कामं घ्यायची त्याच्या मनात होतं आणि त्याचं कार्ड त्याला पुरत नव्हतं. सगळे जेवत असताना त्याने विषय काढला.

"आजी, तुझं कार्ड मले दे. माझं तुले लावून देतो. त्याच्यावरही गेम मस्त चालते."

"नाई."

"तुले फरक समजनार नाई वं."

"डोळे माझे हायेत. मले समजते."

मुलगा मध्ये पडला. "माय, त्याच्या कामाचं हाय ते. तू त खेळूनच राह्यली."

"हो. खेळूनच राह्यली." मग सुनेला म्हणाले, "वाढ त्याले भाजी."

मला वाटलं विषय संपला. भाऊबीज झाली, नातू गेला. मी रोजच्यासारखी खेळत राहिले. सून दोनदा दारात येऊन विचारून गेली, "बरं चालून राह्यलं नं, आत्याबाई?" एरवी ती कधी विचारत नाही. मी म्हणाले, "मस्त चालून राह्यलं."

मग शेजारच्या खळ्यात सोयाबीन काढायचं मशीन लागलं. त्याचं कुटार, म्हणजे शेंगांचा भुसा, घरभर उडतो आणि पंख्यांत जाऊन बसतो. मशीन गेल्यावर मी डबा पुसायला घेतला, बाजूचे स्क्रू हाताने फिरवून पत्रा काढला. आत एक लहान कार्ड बसवलेलं होतं. कुंकू नव्हतं. माझा तुराटीचा टेकू तळाशी आडवा पडला होता, कारण ह्या कार्डाला टेकू लागत नव्हता.

मी बाजेवर बसले. मला दोन राग आले. एक, माझी वस्तू नेली याचा. दुसरा, इतके दिवस मला कळलं नाही याचा. दुसरा मोठा होता.

नातवाला फोन लावला. "कार्ड कुठी हाय?"

तो हसला. "सापडलं का तुले? खरं सांग आजी, खेळताना समजलं का? का डबा उघडला म्हनून?"

खोटं बोलता आलं असतं. मी म्हणाले, "डबा उघडला म्हनून."

"मंग! मी तेच सांगत होतो. तुले फरकच नाई पडत. तुझी स्क्रीनच जुनी हाय, तिच्यावर त्या कार्डाची अर्धी ताकदही दिसत नाई. तुझ्याकडे ते फुकट जाऊन राह्यलं होतं."

"माझं हाय. माझ्या घरी फुकट जाऊ दे."

"आजी, माझं काम सुरू झालं त्याच्यावर."

"बंद कर. आन जसं नेलं तसं आनून लाव. पार्सल नाई पाठवायचं. तू ये."

दिवाळीत मी झोपले असताना नातवाने कार्ड बदललं, ते मुलाला आणि सुनेला माहीत होतं. संध्याकाळी दोघं माझ्यासमोर उभे राहिले. मुलगा म्हणाला, "माय, तुले समजलंही नाई, त गेलं काय तुझं? पोराचं भलं होऊन राह्यलं होतं."

मी त्याला विचारलं, "लहानपनी तुले साय देत होती, तवा आधी परीक्षा घेतली होती का तुझी? दूध आन सायीतला फरक सांग, मंग देईन?"

त्याने खिशातली ट्रॅक्टरची किल्ली चाचपली.

"आन तू ट्रॅक्टरले एवढा मोठा गाण्याचा डबा लावला. वावरात कोनाले आयकवतं? बगळ्याले?"

सुनेने पदर तोंडावर धरला. ती हसत होती हे मला दिसलं, आणि माझा निम्मा राग गेला. निम्मा ठेवला.

ह्या घरात चांगली वस्तू मिळायला पुरुषाला फक्त ताटावर बसावं लागतं. मला मात्र आधी पास व्हायला सांगत होते, आणि मला न सांगता त्यांनी पेपर घेतला, मी नापास झाले म्हणून वस्तू जप्त केली होती. मी त्यांना एवढंच सांगितलं की मी कार्ड विकत घेतलं, ते मला फरक कळतो हे सिद्ध करायला नव्हे. मला पाहिजे होतं म्हणून घेतलं.

नातू पुढच्या रविवारी आला. रिसोडला गाडीतून उतरून जीपने आला. तोंड फुगलेलं. जेवला, हात धुतले, डबा उघडला आणि माझं कार्ड परत बसवलं. त्याने ते पुसून लख्ख केलं होतं, कुंकवाचा डाग राहिला नव्हता.

"टेकू," मी म्हणाले.

त्याने तुराटी उचलून खाली लावली. मी सुनेला कुंकवाचा करंडा आणायला सांगितलं. तिने तो मुकाट्याने माझ्या हातात दिला आणि मी माझं बोट लावलं.

तेवढ्यावर तो उठून जाईल असं वाटलं होतं. पण तो स्टूल ओढून बसला. "इकडे पाह्य, आजी. फरक काय हाय ते त पाहून घे." त्याच्या कामाची गोष्ट निघाली की त्याला राग धरून ठेवता येत नाही. त्याने घोडा एका टेकडीकडे सोडला. "घोड्याकडे नोको पाहू. लांब पाह्य. गवत पाह्य."

मी पाहिलं. गवत टेकडीभर उभं होतं, वाऱ्याने एका बाजूला झुकत होतं.

"आता माझ्या कार्डावर पाह्य." त्याने परत सगळं खोललं, लहान कार्ड लावलं, त्याच टेकडीकडे घोडा नेला. टेकडी बोडकी होती. घोडा जवळ गेला तसं गवत त्याच्या पायापुढे उगवत गेलं, जणू कोणी घाईघाईने आणून रोवत होतं.

इतके दिवस ते माझ्यासमोर उगवत होतं आणि मी बघितलं नव्हतं, कारण मी घोड्याच्या कानांमधून समोरचा रस्ता बघत चालते. माझं कार्ड त्याने पुन्हा बसवलं, पुन्हा टेकू लावला.

"समजला फरक?" त्याने विचारलं.

"समजला. लहान हाय."

"लहान?"

"एवढ्या पैशाले लहान हाय."

तो हसायला लागला. माझं मत आजही तेच आहे. कोणी विचारलं तर मी सांगते, वरचं घेऊ नका, मधलं घ्या, अकोल्याचा दुकानदार बरोबर बोलत होता. पण माझं मी देणार नाही.

जायला निघाला तेव्हा नातू चपला घालता घालता म्हणाला, "बरं, तुझ्या मागं तरी मले ठेवशील नं ते?"

"तवर ते जुनं झालं राहीन. तू नवं घेजो. आन पुढच्या बारीले येतानी मोठी स्क्रीन आनजो. तूच म्हनला नं, जुनी हाय म्हनून."

"मी आनू?"

"इतके दिवस माझं कार्ड वापरलं. म्हैस फुकट राबत नसते, वैरन टाका लागते तिले."

जीपवाला हॉर्न वाजवत होता. नातू हो म्हणाला नाही, पण जाताना दारातून परत आत येऊन, स्क्रीनच्या मागे डोकावून तिचा मॉडेल नंबर वाचून गेला, ते मी पाहिलं.

मी कंट्रोलर घेतलं आणि घोडा टेकडीवर नेला. गवत आधीपासून उभं होतं. एवढ्यात शेतीची लाइन आली, गावातल्या मोटारी सुरू झाल्या, आणि पडदा काळा झाला. मी कार्डाला आणि लाइनीला दोघांनाही शिव्या दिल्या, आणि व्होल्टेज येईपर्यंत तिथेच बसून राहिले.