तळवलीतल्या घराला गेट नसतं

बरोब्बर बारा चाळीसला शाळेची गाडी आली. गावातली सगळी मुलं उतरली, माझी ओवी नाही! आम्ही तळवली गावात भाड्याने राहतो. गाव जुनं, भोवतीचे सेक्टर नवे, त्यामुळे पत्त्याचे किस्से आम्हा आयांकडे ढीगभर साठलेत. पण त्या दिवशी मी गाडीत चढून सीटखालीसुद्धा बघितलं.

ड्रायव्हर नवीन होता. म्हणाला, "ती तर मगाशीच सेक्टरमधल्या सोसायटीच्या मुलांबरोबर गेटवर उतरली."

"गेट? अहो, आमच्या घराला धड अंगण नाही, गेट कुठलं!"

*

तो मोबाइलवरचा नकाशा दाखवायला लागला. "मॅडम, यात रस्ता सरळ गेटवर जातो, गाव दिसतच नाही."

माझी शेजारीण सविता भडकलीच. "दादा, गाव आधीचं! रस्ता आला तेव्हा इथं घरं होती, म्हणून तोच वळसा घालून गेला. तुम्ही पण घाला!"

*

सविताला अनुभव आहे. नवीन राहायला आली तेव्हा तिने गॅसवाल्याला पत्ता दिला, 'पाटलांचं घर'. इथं अर्धं गाव पाटील! सिलेंडर सगळ्या पाटलांकडे पाहुणा म्हणून जाऊन संध्याकाळी तिच्याकडे आला.

*

आम्ही सेक्टरकडे पळालो. घरमालकीण काकू पण आल्या. मी बिल्डिंगचे नंबर वाचत होते आणि काकू शेतं सांगत होत्या. त्यांची जमीन शहरासाठी गेली ना. "ह्यो आमचा बांध. त्यो सासऱ्याचा भात."

सविता म्हणाली, "काकू, तिथं जिम आहे!"

"हाय ना! आमच्या भातान उड्या मारतान!"

मला रडताना हसू आलं.

*

पुढच्याच गेटवर ओवी! वॉचमनच्या खुर्चीत बसून बिस्किट खात होती. मी तिला असं आवळलं की बिस्किटाचा चुरा झाला.

वॉचमन कपाळाला हात लावून म्हणाला, "ताई, फ्लॅट नंबर विचारला, तर म्हणते नंबरच नाही. बिल्डिंगचं नाव विचारलं, तर म्हणते, काकूंचं घर!"

*

काकूंनी गेटकडे नीट बघितलं, मग ओवीच्या डोक्यावरून हात फिरवला. "बाय, तू चुकलीच नाय. ह्यो आपलाच खला. हितंच भात झोडायचो आमी."

वॉचमनने खुर्ची पुसली आणि पुढे केली. "मग बसा ना, आजी."

काकू बसल्या. बराच वेळ उठल्याच नाहीत.

तुमच्याकडे गाडीला नवीन ड्रायव्हर आला की त्याला एवढं सांगा, गावातलं पोर गेटवर सोडू नको, आईच्या हातात दे. आणि ओळखीच्या आयांना पण सांगा.