दिवा लागतो, डिस्क दिसत नाही

ओल्या चुन्याचा गार गंध, नुकत्याच दळून आणलेल्या गव्हाचा उबदार दरवळ आणि या मंगल वातावरणात माझ्या कानाशी धरलेल्या एका काळ्या डबीची अखंड घरघर! श्रावणातल्या त्या रविवारी खानदेशातल्या रनाळ्याच्या आमच्या घरी कानबाई देवी बसायची होती, आणि मी मात्र सकाळपासून संगणकासमोर हात जोडून बसलो होतो.

डबी म्हणजे बाहेरून जोडायची हार्ड डिस्क. तिच्यात मोठीमायचा, म्हणजे माझ्या थोरल्या काकूचा, आवाज होता. कानबाईची गाणी भाऊबंदांत तिलाच संपूर्ण येत. मागे मी ती ध्वनिमुद्रित केली होती. यंदा घशाच्या शस्त्रक्रियेनंतर तिच्यापाशी केवळ कुजबुज उरली. दुसरी प्रत कुठेच नव्हती.

डिस्कचा दिवा लागे, पोटातली तबकडी फिरे, पण माझ्या लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाला तिचे अस्तित्वच मान्य नव्हते. पोर्ट बदलले, संगणक बंद करून चालू केला, जोडलेल्या उपकरणांची यादी पुन्हा पुन्हा मागवली; तो ताकास तूर लागू देईना. धडधडीत वस्तू समोर घरघरत असताना ‘कुणी आलेच नाही’ म्हणण्याचा हा कोणता स्थितप्रज्ञपणा? बिघाड असता तर शोक तरी केला असता. हा नुसता अबोला होता, आणि अबोल्याने माणूस अधिक चिडतो.

संध्याकाळी डोक्यात प्रकाश पडला. कानबाईसाठी घरातली प्रत्येक वस्तू धुऊन-पुसून निघते. त्या उत्साहात बायकोने माझ्या वायरीही पुसून एका मोळीत बांधल्या होत्या. त्यातून मी उचलली ती जुन्या मोबाइलची, फक्त चार्जिंगची वायर. ती डिस्कमध्ये चपखल बसली, वीज पोचवत राहिली आणि माहितीचा एक कणही पुढे नेईना. मूळ वायर लावताच डिस्क पडद्यावर अशी अवतरली, की तिला आपटावे की ओवाळावे, कळेना.

कानबाईपुढे दिवे लागले. मी गाणी लावली. मोठीमायचा भरदार स्वर घरभर पसरला आणि जमलेल्या बायका स्तब्ध होऊन ऐकू लागल्या. कृतार्थ होऊन मी तिच्याकडे पाहिले. तिने खुणेने जवळ बोलावले आणि ती कुजबुजली, “हाऊ डबा बंद कर. तो गाई ऱ्हायना, आन् बाया मुक्या बठेल शेतस.” डबा गातो आहे आणि बायका मुक्या बसल्या आहेत, असे तिचे म्हणणे.

दिवसभर यासाठीच तर खटपट केली होती. तरी बंद केले. तिने माझ्या बायकोच्या कानाशी तोंड नेऊन एक ओळ सांगितली. बायकोने ती अडखळत, बेसूर म्हटली आणि बाकीच्या जणींनी मागून उचलली. जपून ठेवले की शिकून घेण्यातून आपली सुटका झाली, असेच मी समजत होतो का? वाईट वाटले, आणि बरेही वाटले. बायका पुढच्या ओळीसाठी मोठीमायच्या ओठांकडे पाहत होत्या.