पेटीच्या झाकणावरचा हीरो

आईला तिच्या बापाचा चेहरा आठवत नव्हता. तो चिखल्याच्या खाणीत मजूर होता आणि ती अगदी लहान असतानाच गेला. तिला आठवायचं ते फक्त एक बोट. "मी धरत होती ना, ते बोट अर्धंच होतं," ती सांगायची. उरलेलं ट्रॉलीखाली गेलं होतं.

"फोटो नसन का रे कुठी?" हे ती वर्षानुवर्षं विचारत आली, आणि मी "नाही म्हनलं ना एकदा" म्हणून तिला गप्प करत आलो. शोधलं मात्र कधीच नाही.

तिच्या बापाची एक पत्र्याची पेटी तेवढी आमच्याकडे होती. झाकणाला आतून जुन्या सिनेमातल्या नट-नट्यांची चित्रं डकवलेली. मधोमध एक हीरो. कोट, काळा चष्मा, मागे एक दिवा वाकडा असलेली मोटार, हात छातीशी. त्या हातावर शेजारच्या नटीच्या चित्राचा कोपरा आलेला. "असन कोनी बंबईचा," म्हणत आई त्याच्या नाकासमोर साड्या रचायची.

या उन्हाळ्यात जवळच्याच शहापूरला मित्राकडे जेवायला गेलो. भिंतीवर त्याच्या आजोबांचा फोटो. तोच कोट, तोच चष्मा, तीच मोटार, तोच वाकडा दिवा. मोटार कोणाची, मी विचारलं.

"मोटार कायची, रंगवलेला पडदा हाय तो," मित्र हसला. "कोट फोटोवाल्याचा. तुमसरच्या बाजारात ज्याले हीरो बनाचं, त्याले तोच कोट."

जेवण कसंबसं उरकून मी निघालो.

घरी येऊन पेटी उघडली. ओल्या फडक्याने नटीचा कोपरा हळूहळू सोडवला. खाली छातीवरचा हात होता, आणि पहिलं बोट मधल्या पेरावर संपलेलं.

"आई, हे पाह्य."

ती रडेल असं वाटलं. मी माफी मागायच्या तयारीत होतो. पण तिने बोटाला बोट लावलं आणि केवढ्यानं तरी हसली. "अरे, माहा बाप हीरो, अन् तू म्हने फोटो नाही!"

मग तिने शेजारणींना हाका मारल्या. एकीने फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काकू, पोरात नाही आलं वो हे रूप!"

"तो त्याच्या बापावर गेला," आई म्हणाली.

सगळी गल्ली झाकणासमोरून जाऊन आली. माझं ते 'नाही' मला अजून टोचतं, पण आईला त्यासाठी वेळ नाही. तिने साड्या कपाटात हलवल्या. पेटी आता समोरच्या खोलीत असते, झाकण उघडं.