अंगणातली गिट्टी

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हाची गोष्ट. गिट्टीचं, म्हणजे खडीचं, घमेलं डोक्यावर घेऊन एक रेजा, बांधकामावरची मजूरबाई, रोज आमच्या क्वार्टरमागून जायची. गोंदियाकडची होती, एवढंच कळलं. नाव विचारायचं राहूनच गेलं. आमची कोंबडी लंगडते हे तिनेच कुंपणापलीकडून हेरलं. आमचे हे तर कोंबडी कापायलाच निघाले होते.

दुपारच्या सुट्टीत ती आली. कोंबडी काखेत दाबून तिचा पाय कोमट मिठाच्या पाण्यात धरून बसली. तळव्याची काळी खपली मऊ पडल्यावर तिने ती अशी अलगद काढली, की कोंबडी ओरडलीसुद्धा नाही. हळद भरून तिने स्वच्छ चिंधी बांधली, हात धुतले आणि अंगणाकडे पाहिलं.

"चिखल नोको म्हणून गिट्टी टाकली ना बाई? तिच्यावर उड्या मारून राहिली ते. पाय फुटनारच."

केवढ्या हौसेनं टाकून घेतली होती मी ती!

"तुले कसं कळलं?" मी जरा घुश्शातच विचारलं.

तिने हसून आपला अनवाणी, तसल्याच काळ्या खपल्यांचा तळवा वर करून दाखवला.

मी चुलीवर पुन्हा मिठाचं पाणी ठेवलं. पण ते कोमट होईस्तोवर भोंगा वाजला, आणि ती घमेलं उचलून निघूनही गेली.