हुंड्यात गेलेली यारी

गहिनीनाथ माझा मित्र. मिरजगावच्या पुढे आमचं गाव. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. पुढे मी नगरला मराठी घेऊन बी.ए. झालो आणि गावी परतलो. तो पुण्याला इंजिनिअरिंगला गेला. त्याला शिकवलं थोरल्या भावाने, पुंजारामने. वडील लवकर वारले होते. घरात आई, हे दोघे भाऊ आणि धाकटी बहीण चांगुणा.

बहात्तर साली पाऊस आलाच नाही. गावात जो तो आपली विहीर खोल करायच्या मागे लागला. विहिरीच्या काठावर लाकडी यारी उभी करायची. दोघांनी दांडा फिरवायचा, की दोराला बांधलेली मुरमाची बादली वर यायची. हात निसटला तर दांडा उलटा गरगरायचा आणि बादली खालच्या माणसांवर जायची. पुंजारामचं मनगट असंच मोडलं. हाड बसलं, पण वाकडं बसलं.

गहिनीनाथचं ते शेवटचं वर्ष. कॉलेजात उद्योगाचा एक नवा विषय सुरू झाला होता. त्याचे सर म्हणायचे, "वस्तू स्वतः तयार करा. ती कोण घेईल ते शोधा. नुसता नकाशा मी तपासणार नाही." ज्याचं काम चांगलं होईल त्याची ते नगरच्या औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यासाठी शिफारस करणार होते. गहिनीनाथला तो गाळा हवा होता. दुसरं काही तो बोलतच नसे.

"नोकरी?" मी विचारायचो.

"नोकरी तू कर. मास्तर हो. माझ्या कारखान्याची पाटी तू लिही, शुद्धलेखन सांभाळून."

सुट्टीत आला आणि त्याने यारी करायला घेतली. श्रीगोंद्याच्या भंगारातून उसाच्या जुन्या चरकाचं दातेरी चाक आणलं. त्याला लोखंडी खटका बसवला. दांडा पुढे फिरेल, मागे फिरणार नाही.

"खटका काही माझा शोध नाही," तो म्हणायचा. "शोध एवढाच, की ही सगळी यारी सुटी होते आणि एका बैलगाडीत मावते. एका यारीवर पाच विहिरी होतील."

पहिली बादली भरून अर्ध्यावर आली, तेव्हा दांड्यावर चांगुणा होती.

"चांगे, सोड दांडा."

"पडंल की!"

"सोड म्हणतो ना."

तिने डोळे मिटले आणि सोडला. बादली जागच्या जागी लटकत राहिली. विहिरीतली माणसं ओरडली. पुंजाराम आपलं वाकडं मनगट चोळत हसला. "माझा हात मोडायच्या आदी का न्हाई केलीस रं, इंजिनेर?"

दिवाळीनंतर गहिनीनाथ पुण्याला गेला. थोड्याच दिवसांत चांगुणाची सोयरीक जमली. मुलगा नगरचा, सहादेव नावाचा. त्याच्या वडिलांचं, सूर्यभानरावांचं, लोखंडी कामाचं वर्कशॉप होतं. गाव चकित झालं. दुष्काळात लोक पोरींची लग्नं पुढे ढकलत होते आणि पुंजारामने नगरचं सोयरं गाठलं. सुपारी फुटली. त्याच आठवड्यात विहिरीवरची यारी दिसेनाशी झाली.

"सोयऱ्यांनी बघायला नेलीय," पुंजाराम मला म्हणाला. "आनून देतील."

फेब्रुवारीत सर यारी बघायला गावी आले. गहिनीनाथ आदल्या दिवशीच पोचला होता. यारी सोयऱ्यांकडे आहे हे कळल्यावर तो घाबरला नाही. सरांना घेऊन नगरला जाऊ, तिथंच दाखवू, असं त्याने ठरवलं होतं. पण सर एसटीतून उतरले तेच गप्प. ओसरीवर घोंगडी अंथरली होती, तिच्यावर ते बसले. चहा घेतला नाही.

"गहिनीनाथ, नगरला गाडी बदलताना मी एक यारी पाहिली. रस्त्यालाच वर्कशॉप आहे. खटका तोच. सुटी होते, बैलगाडीत मावते. सहादेव यारी म्हणून पत्रा ठोकलाय तिच्यावर. चार तयार आहेत. तू कॉलेजात दिलेला नकाशा तिथून उचललास का?"

गहिनीनाथ हसला. खरंच हसला. "सर, ते आमचे होणारे व्याही. यारी माझी आहे. दादाला विचारा."

सर पुंजारामकडे वळले. पुंजाराम खांबाला टेकून उभा होता. दारात चांगुणा चहाचा पेला घेऊन थांबली होती.

"सोयऱ्यांचीच हाय, सर," पुंजाराम म्हणाला. "ह्यो बघून शिकला."

मी मध्ये बोललो. म्हटलं, मी स्वतः पाहिलंय, इथंच झाली ती यारी.

"तुम्ही कोण?"

"मित्र."

"मित्र असंच सांगणार," सर म्हणाले. रागाने नाही.

गहिनीनाथ चांगुणाकडे बघत होता. ती एक शब्द बोलली असती तरी चाललं असतं. ती आत गेली.

सर उठले. शिफारस दुसऱ्या कुणाची तरी करावी लागेल, एवढं बोलून ते एसटीच्या थांब्याकडे चालू लागले. त्यांना पोचवायला कोणी गेलं नाही. मीसुद्धा ओसरीवरून उठलो नाही.

गहिनीनाथने मग विचारलं. आवाज चढवला नाही.

"दादा, असं का केलंस?"

"त्यांना हुंडा पायजे हुता. माज्याकडं काय हुतं? यारी दिली. आता सरांसमूर तुझी म्हनलो तर ते लग्न मोडतील."

"माझी होती ती."

"घरात तुझं-माझं कवापासून झालं? यारी तू दुसरी करशील. चांगीला दुसरं सोयरं मी कुठून आनू?"

"मागितली असतीस तर दिली असती."

पुंजारामचा चेहरा लाल झाला. "धाकट्याकडं मागू? मी? तुला अंगाखांद्यावर खेळवला, आन तुझ्याम्होरं हात पसरू?"

गहिनीनाथने सरांसाठी अंथरलेली घोंगडी उचलली आणि तिची घडी घातली.

एप्रिलमध्ये लग्न झालं. पाण्याचा टँकर सूर्यभानरावांनी नगरहून आणला, त्यामुळे त्यांचं कौतुक चाललं होतं. अक्षता पडल्या. मग कानपिळी आली. नवरीच्या भावाने नवरदेवाचा कान पिळायचा, बहिणीला नीट नांदव म्हणून दम द्यायचा, आणि मान घ्यायचा. धाकटा भाऊ म्हणून गहिनीनाथला पुढे ढकललं.

बायकांना ऊत आला.

"पीळ रं, लाल व्हऊ दे!"

"इंजिनेराचा हात हाय, तुटून यील!"

शेजारची राहीबाई सगळ्यांत मोठ्यांदा ओरडली, "यारीला खटका हाय, नवरदेवाच्या कानाला न्हाई! पीळ!"

मांडव हसला. गहिनीनाथने कान धरला. जोरात धरला असावा, कारण सहादेवच्या डोळ्यांत पाणी आलं. पण तोही हसत होता. मी अगदी जवळ होतो, म्हणून त्याचं बोलणं मला ऐकू आलं.

"पाव्हणं, सोडा की आता. परीक्षा झाली की या आमच्याकडं कामाला. यारीला लई मागनी हाय. समदं शिकवतो तुमाला. तुमच्या दादांचं डोकं मात्र भारी! शाळा न्हाई, काय न्हाई, आन स्वताच्या हातानं केवढी वस्तू केली!"

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. त्याला तसंच सांगितलेलं होतं.

गहिनीनाथने पुंजारामकडे पाहिलं. मीही पाहिलं. पुंजारामने वाढप्यांकडे तोंड फिरवलं आणि लापशीची पातेली कुठं राहिली म्हणून ओरडायला लागला.

गहिनीनाथने कान सोडला.

"येईन," तो म्हणाला.

त्याच्या हातात टॉवेल-टोपी दिली. त्याने टोपी घातली. चांगुणा खाली मान घालून बसली होती. सासरी जाताना ती सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली. त्याच्या जवळ येऊन फक्त पाया पडली.

मला वाटलं होतं, येईन हे तो तेवढ्यापुरतं म्हणाला. जूनमध्ये परीक्षा झाली, तो पास झाला आणि खरंच नगरला त्या वर्कशॉपात कामाला लागला. मागच्या महिन्यात मी त्याला भेटलो. अंगात निळा डगला, हात काळे. सहादेव त्याला वेल्डिंग दाखवत होता आणि तो मान डोलवत होता. मला राहवलं नाही. बाहेर रस्त्यावर आलो तेव्हा मी विचारलं, कशाला राहिलास इथं? सगळं जग पडलंय.

"यारी इथं आहे," तो म्हणाला. "अजून तिच्यात एक चूक आहे. खटका पावसात गंजला की अडकेल आणि दांडा उलटा फिरेल. यांना कळलेलं नाही."

"सांगितलंस?"

"नाही. बिघडायच्या आत दुरुस्त करीन."

घरी काही निरोप द्यायचा का, असं मी विचारलं. मग डगल्याला हात पुसून तो आत गेला.